सासूबाईंचं निसर्गवेड

“अहो, थांबवा जरा इथं. काय सुंदर तळं आहे.”

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी मागच्या खिडकीतून मान बाहेर काढून तळं शोधायला लागले. खडी काढून ओसाड टाकलेली एक खाण होती, तिच्या तळाशी हिरवट पाणी साचलं होतं आणि त्यात दोन म्हशी डुंबत होत्या. सासूबाईंनी मात्र आपल्या सुंदर तळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या काचेतून सरळ समोर बघत बसल्या होत्या. पुढून कडब्याने शिगोशीग भरलेला ट्रक सगळा रस्ता अडवून येत होता. तो धुरळा उडवत निघून गेला तशा त्या म्हणाल्या, “चला आता. बघून झालं.”

माझी नणंद उज्ज्वला बाळाला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं. “वहिनी, आईला हे निसर्गाचं वेड कधी लागलं गं? घरी तुळशीला पाणी घालायचं म्हटलं तरी मला हाक मारायची.”

मी हसू दाबलं. पण खरोखरच सोलापूर सोडल्यापासून सासूबाईंची टकळी थांबली नव्हती. मंगळवेढ्याच्या पुढे ज्वारीची काळीभोर रानं लागली, त्यांनी ती वाखाणली. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा लागल्या, त्याही वाखाणल्या. मध्येच एखाद्या उजाड माळावर त्यांना फुलं दिसायची, मोर दिसायचे, आणि आम्ही वळून बघेपर्यंत ते नाहीसे झालेले असायचे. वयोमानाप्रमाणे माणूस जरा बोलकं होतं, असं मी मनाशी म्हटलं आणि गप्प बसले.

उज्ज्वलाचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे, झालं होतं. बाळाने छान बाळसं धरलं होतं आणि आता मायलेकींना देवगडला पोचवायचं होतं. जावई तिथल्या बँकेत होते. आमच्या घरातली रीत अशी, की पहिलं नातवंड आजोळहून निघालं की आजोबांनी स्वतः नेऊन त्याच्या बापाच्या हाती द्यायचं. अण्णांनी त्या रीतीत स्वतःची भर घातली होती, ती म्हणजे गाडीही आपणच चालवायची. माझ्या नवऱ्याने भाड्याच्या गाडीचा विषय काढून पाहिला, तेव्हा अण्णा ताटावरून उठायचेच बाकी राहिले होते.

“निम्म्या सोलापूरला मी गाडी शिकवली,” ते म्हणाले, “आणि माझी नात परक्या ड्रायव्हरच्या गाडीतून जाणार होय?”

ते काही खोटं नव्हतं. अण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आम्ही निघालो होतो तीही स्कूलचीच जुनी फियाट, डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी जादा क्लच आणि ब्रेक असलेली. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा त्यांनी मलाही याच गाडीवर शिकवलं. विजापूर रस्त्यावर, सरळसोट, जिथे हात सोडले तरी गाडी वाकडी जायची नाही. त्यांचा एकच नियम होता. चालवणाऱ्याला बाजूच्या माणसाने शिकवायचं नाही. ‘हळू’, ‘सांभाळून’, ‘ट्रक आला’ हे शब्द त्यांच्या गाडीत निषिद्ध होते. एकदा माझ्या नवऱ्याने ‘अण्णा, खड्डा’ एवढंच म्हटलं, तर त्यांनी गाडी थांबवून त्याला रिक्षाने घरी पाठवलं होतं.

मिरजेला आम्ही चहाला थांबलो. तिथे मला जे दिसलं, ते पुढे दिवसभर डोळ्यांपुढून हललं नाही.

झालं एवढंच, की अण्णांनी कपातला चहा बशीत ओतला. ओतला म्हणजे ओतायला घेतला. चहाची धार बशीच्या बाहेर, टेबलावर पडत होती आणि अण्णा शांतपणे ओतत होते. सासूबाईंनी चटकन बशी सरकवून धारेखाली धरली आणि पदराने टेबल पुसलं. “टेबलच तिरकं आहे मेलं,” त्या म्हणाल्या. टेबल काही तिरकं नव्हतं. अण्णांनी बशी उचलून चहा प्यायला. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसत होतं. डावा जरा बरा होता, पण फार नाही. एका घरात राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

पुन्हा गाडीत बसताना मी अण्णांच्या बरोबर मागे बसले.

त्यानंतर मी रस्ता बघायला लागले. मिरज मागे पडलं तशी माळरानं संपून मळे लागले, दोन्ही बाजूंना ऊस. एका गावाबाहेर शेळ्यांचा कळप रस्त्यावर उतरला. गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही. शेळ्या जवळ येत गेल्या. इतक्यात सासूबाई म्हणाल्या, “अहो, समोर बघा किती गोड करडं आहेत,” आणि गाडी थांबली.

“कुठं, कुठं?” उज्ज्वला बाळाला उचलून दाखवायला लागली. मी घामाने भिजले होते.

नशीब, सासूबाईंना शेळ्या आवडल्या, असं मी मनात म्हटलं. त्या भोळ्या बाईला काही ठाऊक नाही आणि तिच्या बडबडीने आपण वाचतोय. हे गाडीत फक्त मला कळलंय, आणि पुढे घाट आहे.

कुणाला सांगणार होते मी? उज्ज्वला अंगावर पाजत होती, तिला घाबरवायचं कसं? सासूबाईंना सांगितलं तर त्या तिथेच हातपाय गाळून बसतील अशी माझी खात्री होती. आणि अण्णांना सांगायची माझी छाती नव्हती. कोल्हापूरच्या अलीकडे मी धीर करून म्हणाले, “अण्णा, तुम्ही दमला असाल. थोडा वेळ मी घेऊ का गाडी?”

ते आरशात बघून हसले. आरशात त्यांना मी दिसत असेन का, कोण जाणे. “घाट उतरला की देतो तुला. खाली सपाट आहे.”

“घाटाच्या आधीही सपाटच आहे की.”

“घाटाच्या आधी मी दमत नाही,” ते म्हणाले.

कोल्हापुरात सासूबाईंना शिंका सुरू झाल्या. सटासट शिंका आणि डोळ्यांतून पाणी. बाळाला सर्दी लागेल म्हणून त्यांनी नाकाला पदर लावला आणि उज्ज्वलाला औषधाच्या दुकानात पाठवून सर्दीची गोळी मागवली. दुकानदाराने झोप येईल म्हणून बजावलं होतं. उज्ज्वलाने ते सांगितल्यावर त्या गोळी हातात धरून बराच वेळ विचार करत बसल्या. मग पुन्हा शिंक आली, बाळ दचकून रडलं, आणि त्यांनी गोळी घेऊन टाकली.

पुढचा रस्ता फार देखणा होता. नवरात्र नुकतंच संपलं होतं. भात पिवळं पडायला लागलं होतं, पहिली गुऱ्हाळं पेटली होती आणि गुळाचा वास काचा लावल्या तरी आत येत होता. मग शेतं लहान होत गेली, झाडी दाट झाली, रस्त्याला चढ लागला. सासूबाई सांगत होत्या, “डावीकडं ओढा बघा. आता उजवीकडं डोंगर बघा कसा आलाय.” आवाज जरा जड झाला होता, पण चालू होता. गगनबावड्याला पोचलो तर दरीतून धुकं वर येत होतं. भर दुपारी समोर पांढऱ्या चादरीवर चादरी टाकल्यासारखं झालं. अण्णांनी दिवे लावले आणि गाडी घाटात घातली.

तो करूळचा घाट मी नंतर पुष्कळदा पाहिला आहे. चांगला आहे, लोक मुद्दाम बघायला येतात. त्या दिवशी मला त्याचे फक्त कठड्याचे दगड दिसत होते. पांढरा रंग दिलेले आणि मध्ये मध्ये तुटलेले. जिथे तुटले होते तिथे पलीकडे धुक्याखेरीज काही नव्हतं.

“डावीकडं दरी बघा, काय खोल आहे,” सासूबाई म्हणाल्या. गाडी उजवीकडे सरकली. “आता डावीकडं झाडं बघा, केवढी उंच.” गाडी डावीकडे वळली. मग त्या थांबल्या. मला वाटलं, शिंक येत असेल. मी पुढे वाकून पाहिलं तर त्यांची मान छातीवर पडली होती.

रस्ता उजवीकडे वळला. गाडी वळली नाही.

ती सरळ चालली होती, अगदी संथ, काही झालंच नाही अशी. कठड्याचे दगड समोर आले. त्याच क्षणी सासूबाई दचकून जाग्या झाल्या. “उजवीकडं, अहो, उजवीकडं फुलं बघा, पिवळी.” गाडीला जोरात हिसका बसला. अण्णांनी चाक उजवीकडे मारलं, मागचं चाक खडीवर घसरलं आणि पुन्हा डांबरावर आलं.

“कसली फुलं गं?” उज्ज्वलाने बाळाला छातीशी धरून विचारलं.

मी उजवीकडे बघितलं. तिथे तासलेला काळा कातळ होता, त्याच्यावरून पाणी निथळत होतं. फूल औषधालाही नव्हतं. मग मी दोन सीटांमधून खाली पाहिलं. सासूबाईंनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि त्यांचा उजवा पाय त्या जादा ब्रेकवर होता. हिसका त्यांनी दिला होता.

सकाळपासूनचा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांपुढून उलटा गेला. ते सुंदर तळं आणि तो कडब्याचा ट्रक. ती गोड करडं. न फुललेली फुलं, नसलेले मोर. ही बाई निसर्ग बघत नव्हती. ती गाडी चालवत होती. अण्णांना कुणी शिकवलेलं चालत नव्हतं, म्हणून ती त्यांना फुलं आणि डोंगर दाखवत होती. तिला भोळी समजून मी सोलापूरपासून तिची कीव करत आले होते.

आणि ती आता पुन्हा झोपली होती. डोकं काचेला टेकलं होतं आणि पाय ब्रेकवरून घसरून चपलांवर पडला होता.

मला त्यांना हलवून जागं करायचं होतं, पण तेवढाही वेळ नव्हता. पुढचं वळण धुक्यातून वर येत होतं. ‘अण्णा, तुम्हाला दिसत नाही’ असं त्या वळणावर ओरडून काय झालं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी मागून त्यांच्या खांद्याजवळ वाकले आणि म्हणाले, “अण्णा, डावीकडं धबधबा बघा.”

गाडी डावीकडे वळली.

“कुठंय धबधबा?” उज्ज्वला म्हणाली.

“गेला मागं. अण्णा, उजवीकडं बघा, माकडं बसलीत.”

गाडी उजवीकडे वळली. मी त्या घाटात किती धबधबे आणि किती माकडं घातली याचा हिशोब नाही. उज्ज्वला एकदा या खिडकीतून बघत होती, एकदा त्या खिडकीतून, आणि काहीच दिसत नाही म्हणून कुरकुरत होती. माझा उजवा पाय मागच्या सीटखाली नसलेला ब्रेक दाबून दाबून दुखायला लागला होता. बाळ झोपलं होतं. त्याचा इवलासा तळवा माझ्या मनगटाला लागत होता आणि दर वळणावर मला वाटत होतं, आता आपण संपलो.

मग अण्णा बोलले. मान न वळवता, एरवी शिकवताना बोलायचे त्याच आवाजात.

“हेमा, तू सांगतेस ते बरोबर आहे. फक्त जरा लवकर सांगतेस. तुझी सासू अगदी वळणाच्या तोंडाशी आलं की सांगते.”

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

खालून बसचा भोंगा ऐकू आला. मोठा, लांबलचक, अगदी जवळ. रस्ता तिथे अरुंद होता. मला एकही झाड सुचेना, एकही पाखरू सुचेना.

“थांबा,” मी म्हणाले. “अण्णा, थांबवा गाडी. बस येतेय.”

त्या गाडीत निषिद्ध असलेलं बोलणं मी एका दमात बोलून गेले होते. अण्णांनी गाडी कातळाला लावून थांबवली. धुक्यातून बसचे दिवे उगवले आणि बस आमच्या आरशाला चाटून वर गेली. तिच्या खिडकीतली माणसं आमच्याकडे बघत होती.

मी दार उघडून उतरले. पुढे जाऊन मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

“अण्णा, खाली या.”

ते उतरले. आम्ही दोघं गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो, उज्ज्वलाला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता, की सासरे आहेत, वडीलधारे आहेत, हे सगळं मी विसरले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“झाला काळ. मोतीबिंदू आहे. उन्हात जरा भागतं. धुक्यात सगळं पांढरं होतं.”

“ऑपरेशन होतं की त्याचं.”

“थोरल्या भावाचं झालं होतं. डोळाच गेला त्याचा.” ते थांबले. “ती बोलायला लागली तेव्हा मला आधी राग यायचा. मग कळलं, ती गप्प बसली की मला रस्ताच नाही. ब्रेक मी दाबलेला नसताना गाडी थांबते, हे मला कळत नाही असं वाटलं तुला? गाडी शिकवतो मी.”

“मग तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत यावर?”

“बोललो असतो तर गाडी सोडावी लागली असती.” त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. “आणि मग सकाळी उठून मी कुठं जाऊ, पोरी?”

हे ऐकून माझा राग अर्धा उतरला. अर्धा नाही उतरला, कारण बाळ आत होतं.

“किल्ली द्या, अण्णा.”

“घाटात कधी चालवलीस तू?”

“नाही.”

“धुक्यात?”

“नाही. पण मला दिसतंय.”

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता मला हाकलून गाडीत बसायला लावतील, नवऱ्याला रिक्षाने घरी पाठवलं होतं तसंच. पण ते गाडीपाशी गेले, सासूबाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि हलकेच त्यांचा दंड धरला.

“अगं, ऊठ. मागं जाऊन पड जरा.”

सासूबाई धडपडत जाग्या झाल्या. “अहो, डावीकडं...” त्यांनी बोट उचललं. मग गाडी उभी आहे हे त्यांना उमगलं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि मग चालकाच्या जागेवर बसत असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

“हेमा घेतेय गाडी,” अण्णा म्हणाले.

सासूबाई चपलाही न घालता उतरल्या, मागे बसल्या, आणि उज्ज्वलाच्या खांद्यावर डोकं ठेवल्याबरोबर झोपल्या. इतक्या गाढ, की तोंड उघडं राहिलं.

अण्णा डाव्या बाजूला बसले आणि त्यांनी आपले पाय त्या जादा क्लच-ब्रेकवर ठेवले. “दुसरा गिअर टाक. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, तापतो.”

मी दुसरा गिअर टाकला. दरी दिसत नव्हती, पण ती आहे हे माझ्या पाठीला, मानेला, दातांना कळत होतं. प्रत्येक वळणाला मी भोंगा वाजवायची आणि जीव मुठीत धरून कान द्यायची. अण्णा डोळे मिटून बसले होते.

“घाबरलीस,” ते म्हणाले. “इंजिन गुदमरतंय. जरा सोड तिला.”

मी ब्रेकवरचा पाय जरा उचलला.

“आता ठीक. ट्रक येतोय एक, लोडेड आहे. थांब, त्याला चढू दे.”

मला ट्रक ऐकूही आला नव्हता. मी थांबले. थोड्या वेळाने तो धापा टाकत वर आला आणि गेला. मग आम्ही पुन्हा निघालो. ते रस्त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते आणि मी इंजिनाकडे लक्ष देत नव्हते. आमच्या दोघांचं मिळून एक माणूस होत होतं, आणि त्याच्या भरवशावर मागे तिघी बसल्या होत्या. माझी भीती गेली नाही. ती माझ्याबरोबरच सगळा घाट उतरली.

धुकं एका वळणावर अचानक विरलं. ऊन आलं. खाली कौलारू घरं, माड, भाताचे चौकोन दिसले, आणि हवा एकदम दमट, उबदार झाली. कोकण लागलं होतं. रस्ता सरळ झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी रडतेय.

“बाजूला घे जरा,” अण्णा म्हणाले. शिष्यांना म्हणायचे तसं ‘शाब्बास’ मात्र म्हणाले नाहीत. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “तुझ्याकडेच राहू दे आता ही. घरी गेल्यावरसुद्धा.”

शांतता झाली तशी मागे सासूबाई जाग्या झाल्या. आधी त्यांनी घाईघाईने समोर बघितलं. समोर रिकामा रस्ता होता. त्यांनी अण्णांकडे बघितलं, ते डावीकडे होते. मग हळूच त्यांनी मान वळवून खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्याला लागूनच नदी वाहत होती, चांगली रुंद, गोट्यांवरून खळखळत.

उज्ज्वलाच्या लग्नाच्या बोलण्यांना, सणावारांना, डोहाळजेवणाला, किती वेळा त्या एकट्या अण्णांबरोबर या रस्त्याने आल्या-गेल्या होत्या. दरवेळी पुढच्या सीटवर बसून, दरवेळी असंच अखंड वर्णन करत असणार.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “इथं नदी आहे?”

“पहिल्यापासून आहे,” अण्णा म्हणाले.

“मला कधी दिसली नाही हो.”

अण्णांनी हात मागे नेला आणि चाचपडत त्यांचा हात धरला. सासूबाई नदीकडे बघत राहिल्या, आणि पुढे कितीतरी वेळ एक शब्द बोलल्या नाहीत.